सोंग आणि ढोंग : मराठी विनोदी चित्रपटाचा एक आवडीचा इतिहास

१

आवडीची यादी म्हणजे इतिहास नव्हे, हे उघड आहे. यादी करणारा आपल्या अभिरुचीपुरता बोलतो. इतिहासकाराला न आवडलेल्या कृतींचाही हिशेब द्यावा लागतो. तरीही समीक्षाव्यवहारात आवड ही अगदीच टाकाऊ गोष्ट ठरत नाही. एखादी कृती पुन्हा पुन्हा पाहावीशी का वाटते, याचा शोध घेऊ लागले की आवडीच्या मुळाशी असलेला एखादा निकष हाती लागतो. तो निकष वेगवेगळ्या दशकांतील कृतींना लावून पाहिला की इतिहासाचा एखादा धागाही दिसू लागतो. मराठी विनोदी चित्रपटांपैकी माझ्या विशेष आवडीच्या पाच चित्रपटांचा या पद्धतीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ‘ब्रह्मचारी’ (१९३८), ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हे ते पाच चित्रपट होत. ओघात आणखी काहींचा उल्लेख येईल.

हा विचार वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत कशासाठी आणावयाचा, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. मराठीत विनोदाची मीमांसा पुष्कळ झाली आहे. न. चिं. केळकरांचे ‘हास्यविनोदमीमांसा’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे ही विनोदाची परंपरा आपण वर्गात शिकवतो आणि प्रबंधांतून तपासतो. परंतु याच लेखकांनी चित्रपटासाठी जे लिहिले, ते या परंपरेच्या बाहेर राहते. ‘ब्रह्मचारी’ची कथा अत्र्यांची आहे. चिं. वि. जोशींच्या लेखनावरून मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे चित्रपट केले. ‘लाखाची गोष्ट’मागे ग. दि. माडगूळकर आहेत, तर ‘सोंगाड्या’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ या सतरा वर्षांच्या अंतराने आलेल्या, वरवर पाहता कसलेही नाते नसलेल्या दोन चित्रपटांमागे वसंत सबनीस हे एकच लेखक आहेत. चित्रपटाची संहिता अनेकांच्या हातून घडते, नटाच्या शरीरावाचून ती अपुरी असते आणि बहुधा ती छापली जात नाही, ही कारणे खरी आहेत. पण ती नाटकालाही कमीअधिक प्रमाणात लागू पडतात आणि म्हणून आपण नाटक वगळलेले नाही. या वगळण्यामुळे मराठी विनोदाचा जो इतिहास आपण सांगतो, तो वाचकाच्या हास्याचा इतिहास राहतो. प्रेक्षागृहात बसलेल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या समुदायाचे हास्य त्यात येत नाही.

२

या पाचही चित्रपटांना जोडणारे सूत्र ‘सोंग’ या शब्दात सापडते. भरताने हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष आणि विकृत अलंकार यांचा निर्देश प्रारंभीच केला आहे, आणि हास्य हे शृंगाराच्या अनुकृतीतून संभवते असेही म्हटले आहे. वेष आणि अनुकृती या दोन्ही कल्पना मराठीतील ‘सोंग’ या एकाच शब्दात सामावतात. बहुरूपी, भारूड, दशावतार, वगातील सोंगाड्या, स्त्रीपार्टी नट अशी सोंगाची दीर्घ परंपरा मराठी प्रेक्षकाच्या ओळखीची आहे.

मात्र मराठीत या शब्दाशेजारीच ‘ढोंग’ हा दुसरा शब्द आहे. सोंग हे मान्य असते. ते घेणारा आणि पाहणारा यांच्यात एक मूक करार असतो. निदान प्रेक्षकाला तरी ते सोंग म्हणून ठाऊक असते. ढोंगाला असा करार चालत नाही. ढोंगी मनुष्य स्वतःलाही फसवीत असतो आणि त्याला आपली प्रतिष्ठा राखावयाची असते. सोंग उतरवता येते, ढोंग उघडे पाडावे लागते. उपरोध-उपहासाचे लक्ष्य ढोंग असते, तर प्रहसनाचे इंधन सोंग असते. माझे प्रतिपादन असे की, मराठी विनोदी चित्रपट ढोंगाच्या उपहासाकडून गरजेपोटी घेतलेल्या सोंगाकडे सरकत गेला, आणि त्या त्या काळातील सोंगामागची गरज पाहिली की त्या काळातील सामान्य माणसाला नेमके काय कमी पडत होते, हे कळते. गरज खरी असेल तेथे प्रहसन टिकते. ती लटकी असेल तेथे नुसता वेषबदल उरतो. माझ्या आवडीमागचा निकष हाच आहे.

३

‘ब्रह्मचारी’ हा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा चित्रपट. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण एका देशभक्ताचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकतो, चित्रपटतारकांची जमवलेली चित्रे टाकून देतो आणि व्रतस्थ होऊन एका संस्थेत दाखल होतो. किशोरीच्या रूपाने मोह समोर येताच त्याचा निश्चय डळमळू लागतो. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात सादर केलेल्या गाण्याची त्या काळी इतकी चर्चा झाली की, चित्रपटाची आठवण बहुधा तेवढ्यापाशीच थांबते. अत्र्यांच्या कथेचा रोख मात्र वेगळा आहे. औदुंबराचे ब्रह्मचर्य हे मुळात दुसऱ्याच्या वक्तृत्वातून उसने घेतलेले आहे. व्यायाम, साधे कपडे, त्यागाची भाषा या सर्व बाह्य चिन्हांतून तो एक आदर्श अंगावर चढवतो. जिवंतपणावर चढलेला यांत्रिक ताठरपणा हे बर्गसाँने सांगितलेले हास्याचे मूळ येथे जसेच्या तसे दिसते. व्रताचा ताठरपणा आणि शरीराची सहज लय यांतील विसंगतीवर हा विनोद उभा आहे.

येथील लक्ष्य ढोंग हे आहे, आणि ते एकट्या औदुंबराचे नाही. राष्ट्रीय चळवळीच्या त्या काळात आदर्शाच्या भाषेला जी प्रतिष्ठा आली होती, तिच्या आडोशाने वावरणाऱ्या उपदेशकांचे ते ढोंग आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘ब्रँडीची बाटली’त अत्रे आणि विनायक यांनी हेच सूत्र आणखी हलक्या हाताने चालवले. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाची दारूबंदी आली ते हेच १९३९ साल. दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून. ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही आणि औषध म्हणून ती शोधत तो गावभर हिंडतो. त्याच्या निर्मळ अज्ञानासमोर जाणत्यांचे सोवळे आपोआप सैल होते. बगारामाला सोंग घ्यावे लागत नाही. त्याला फक्त एका बाटलीची गरज आहे. उपहासाकडून गरजेकडे जाणारी वाट येथेच फुटलेली दिसते.

४

‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण मराठी माणसाच्या आर्थिक अनुभवाचे सार आहे. राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ने ही म्हणच जणू उलटी फिरवली. कलेवर जगू पाहणारे दोन कफल्लक मित्र, श्रीमंताच्या मुलीवर जडलेले प्रेम आणि ठराविक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची बापाने घातलेली अट, एवढ्या भांडवलावर हा चित्रपट उभा आहे. मूळ कल्पना ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ या १९०२ च्या अमेरिकन कादंबरीची आठवण करून देते. पण माडगूळकरांच्या संवादांनी आणि राजा गोसावी व राजा परांजपे यांच्या जोडीने तिला पुरते मराठी मध्यमवर्गीय वळण दिले आहे.

अमेरिकन कल्पनेत उधळपट्टी हे साहस असते. येथे ती शिक्षा होते. काटकसर ज्याच्या हाडीमाशी खिळली आहे, त्याला खर्च करणे हीच कसोटी ठरते. आणि पैसा असल्याची नुसती बातमी पसरली तरी पैसा आणखी पैशाला ओढून आणतो, ही या चित्रपटातील खरी उपरोधिक जाणीव आहे. काल ज्यांना कोणी दारात उभे केले नसते, त्यांच्या हाताला आज यश चिकटते. माणसे तीच, त्यांची कलाही तीच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात नियंत्रणे, टंचाई आणि रेशनकार्ड यांच्याशी झगडणाऱ्या प्रेक्षकाला ही कथा स्वप्नरंजन म्हणून आवडली असेल. परंतु गुणवत्तेची किंमत कशावरून ठरते, हा तिने विचारलेला प्रश्न स्वप्नरंजनात विरून जात नाही. आदर्शाचे ढोंग येथे मागे पडले आहे. श्रीमंतीचे सोंग दोघांवर बाहेरून लादले गेले आहे आणि ते त्यांना पेलत नाही, म्हणून आपण हसतो. या हास्यात तुच्छता नाही.

पु. लं.चा ‘गुळाचा गणपती’ (१९५३) याच काळातला. नाऱ्याचे सोंग तर केवळ त्याच्या दिवास्वप्नांत असते. जगात ज्याला काहीच होता येत नाही, तो मनातल्या मनात सर्व काही होतो. त्या चित्रपटातील करुणेची छटा मला मोलाची वाटते, पण त्याची वीण प्रसंगांच्या सुट्या माळेसारखी सैल आहे. ‘लाखाची गोष्ट’मध्ये एका अटीतून सारे प्रसंग अपरिहार्यपणे निघतात, हे तिचे रचनेचे श्रेष्ठत्व होय.

५

‘सोंगाड्या’पाशी आल्यावर मध्यमवर्गीय समीक्षकाची अडचण सुरू होते. दादा कोंडक्यांची ही पहिली निर्मिती. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, लेखन सबनिसांचे. सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ पासून रंगभूमीवर गाजत होते आणि त्यातूनच कोंडके महाराष्ट्रभर पोचले होते. वग-बतावणीची रीत, हजरजबाबी संवाद, राज्यव्यवस्थेची थट्टा हे सारे तेथून चित्रपटात आले. मुंबईत चित्रपटगृह मिळवताना या चित्रपटाच्या पाठीशी शिवसेना उभी राहिली, ही घटना प्रसिद्धच आहे. मराठी चित्रपटाला मराठी राजधानीत जागा मागावी लागते, हे सत्य तिच्यामुळे चव्हाट्यावर आले. विनोदी चित्रपट अस्मितेच्या राजकारणाचा विषय होतो तेव्हा त्याच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

नाम्या हा आईच्या धाकातला भोळा मुलगा. तमाशाचे वेड त्याला घराबाहेर काढते आणि शेवटी फडावर नेऊन उभे करते. अर्धी चड्डी आणि तिचा लोंबता नाडा हा भरताच्या अर्थाने शुद्ध ‘विकृत वेष’ होय. प्रौढ शरीरावर चढवलेले बालपणाचे हे सोंग आहे, आणि त्याचे खरे कार्य भाषेच्या पातळीवर चालते. नाम्या बोलतो ते वाक्य त्याच्यापुरते निरागस असते. दुसरा अर्थ प्रेक्षक पुरवतो. श्लेषाची ही व्यवस्था नीट पाहिली तर ‘अश्लीलता’ संहितेत नेमकी कोठे आहे, हे सांगणे अवघड होते. पात्राने काही लपवलेले नाही. उघडे पडते ते ऐकणाऱ्याचे मन. ‘ब्रह्मचारी’त ढोंग पडद्यावर होते. ‘सोंगाड्या’त ते प्रेक्षागृहात आहे. बाख्तिनने वर्णिलेल्या कार्निव्हलमधील शरीराच्या हास्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे, पण वगाची परंपरा ज्याला ठाऊक आहे त्याला त्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही.

सोंगामागची गरज येथे कोणती? शहरी अभिरुचीने ‘ग्राम्य’ म्हणून बाजूला सारलेल्या समुदायाला स्वतःच्या शरीराविषयी आणि इच्छेविषयी मोठ्याने बोलता यावे, ही ती गरज होय. ‘पांडू हवालदार’पर्यंत (१९७५) ही गरज जिवंत वाटते. पुढे मात्र निरागसपणा हा साचा झाला, दुसरा अर्थ आधी ठरवून पहिला त्याच्यासाठी बेतला जाऊ लागला, आणि करार एकतर्फी झाला. माझी आवड तेथे थांबते. तिचे कारण सभ्यतेत शोधू नये. ते रचनेत आहे.

६

ऐंशीच्या दशकातील मराठी विनोदी चित्रपटांची लाट ही आपल्या समीक्षेत बहुधा ‘सुमारीकरण’ या एका शब्दात निकालात काढली जाते. या लाटेचे बरेचसे कथाबीज उसने आहे, हे मान्य करावयास हवे. महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) ‘प्यार किये जा’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आणि तो १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटावरून आला. सचिन पिळगांवकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ला (१९६६) जवळचा. पण उसनवारीचा आक्षेप मराठी विनोदाला नवा नाही. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ ‘चार्लीज आँट’वरूनच बेतलेली होती, आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांच्या भूमिकेमुळे ती रंगभूमीवर पुन्हा जोरात चालू होती. रूपांतर कोठून आले यापेक्षा ते कोठे रुजले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

‘धूमधडाका’त अशोक सराफांना नायकाच्या श्रीमंत बापाचे, म्हणजे अक्षरशः पैशाचे सोंग आणावे लागते, म्हणीने अशक्य ठरवलेली गोष्ट येथे दंगा घालून शक्य होते. ‘बनवाबनवी’त सोंग अधिक खोल जाते, कारण त्यामागे डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले; त्याचबरोबर मालकाच्या मनात भाडेकरूविषयीचा संशयही रुजवला. एकदा आत आलेला माणूस निघत नाही, म्हणून आत घेण्यापूर्वीच अटी घालावयाच्या, हा व्यवहार मुंबई-पुण्यात अंगवळणी पडला होता. बिऱ्हाडकरूचे लग्न झालेले असावे, ही त्यांतली नेहमीची अट. चित्रपटातील चार तरुणांना पुण्यात खोली हवी आहे आणि लीलाबाई काळभोर यांना जोडपी हवी आहेत. तेव्हा परशुरामाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. पहिला घरमालक विश्वासराव सरपोतदार आणि धनंजय माने यांच्यातला भाड्याच्या रकमेवरून होणारा संवाद आजही लोकांच्या तोंडी आहे, याचे कारण तो नुसता चुरचुरीत आहे एवढेच नाही. एका संपूर्ण पिढीने तो आपापल्या जिन्यात उभा राहून ऐकला होता.

सबनिसांचे कौशल्य असे की, ‘विच्छा’ आणि ‘सोंगाड्या’तली बतावणीची लय त्यांनी शहरी बैठकीच्या खोलीत आणली. एक खोटे झाकण्यासाठी दुसरे, दुसरे झाकण्यासाठी गरोदरपण, अशी रचना वाढत जाते. तरी प्रत्येक पायरीवर ‘घर जाईल’ ही भीती हजर असते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती हास्यास्पद होते ती पुरुषी शरीर लुगड्यात मावत नाही म्हणून, पण परशुरामाची अगतिकता त्या लुगड्याआडूनही दिसत राहते. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. या चित्रपटात घर एका स्त्रीच्या मालकीचे आहे आणि धनंजयला नोकरी देणारीही स्त्रीच आहे. पुरुषांना स्त्री व्हावे लागते ते स्त्रियांनी चालवलेल्या अर्थव्यवहारात शिरकाव मिळवण्यासाठी. स्त्रीवेषातून स्त्रीचे जगणे पाहण्याची संधी मात्र चित्रपट घेत नाही. वेष उतरला की पुरुष पूर्ववत पुरुष होतात. त्यांना लुगड्यातून काही कळले, असे दिसत नाही.

७

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’कडे या पार्श्वभूमीवर पाहिले की तिचे महत्त्व वेगळ्या रीतीने ध्यानात येते. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेलेला हा चित्रपट दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीची गोष्ट सांगतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. मोकाशी हा इतिहास चरित्रपटाच्या गंभीर आवाजात सांगत नाहीत. मिशा उतरवण्याविषयीची नटांची खळखळ, लुगड्यात वावरताना होणारी त्यांची तारांबळ, हे सारे ते प्रहसनाच्या चालीने मांडतात. शीर्षकातच एक सोंग आहे. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगण्याची युक्ती फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती. कलेला कारखान्याचे सोंग घ्यावे लागले, ते समाजाच्या प्रतिष्ठेच्या ढोंगामुळे. सोंग आणि ढोंग यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणत्याही मराठी चित्रपटात आलेला नाही. ‘बनवाबनवी’तला नट-पुरुषाचा स्त्रीवेष मराठी चित्रपटाच्या जन्मकाळापासूनच त्याच्या सोबत होता, ही जाणीवही त्यातून होते.

मागील वर्षीच्या ‘वळू’चा (२००८) येथे निर्देश करणे आवश्यक आहे. उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांच्या या चित्रपटात वन अधिकाऱ्याचा भाऊ कॅमेरा घेऊन गावात येतो आणि त्या कॅमेऱ्यासमोर सारे गाव स्वतःचेच सोंग वठवू लागते. सोंग न घेणारा एकटा डुरक्या बैल असतो, आणि त्यालाच सर्वांनी धोकादायक ठरवले आहे. गरजेचे स्वरूप येथे पालटले आहे: छप्पर किंवा पैसा यांऐवजी आता दिसण्याची, नोंदले जाण्याची गरज आली आहे.

८

आदर्श, पैसा, शरीर, घर आणि कला अशा क्रमाने बदलत गेलेल्या या गरजांमधून मराठी समाजाचा इतिहास काही अंशी वाचता येतो, एवढे या विवेचनातून दिसावे. या निकषाची एक मर्यादाही येथेच नोंदवावयास हवी. या पाचही संहितांत गरज पुरुषाची आहे आणि सोंगही त्याचेच. स्त्रीच्या वाट्याला ते ओळखण्याचे, ओळखूनही गप्प राहण्याचे किंवा शेवटी क्षमा करण्याचे काम येते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तील सरस्वतीबाई हा त्यातल्या त्यात अपवाद म्हणता येईल. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे ती करते आणि तिला कोणतेही सोंग घ्यावे लागत नाही. पण मग विनोदही तिच्याकडे येत नाही, तो नवऱ्याकडेच राहतो. स्वतःच्या गरजेपोटी सोंग घेणारी आणि त्यातून हसवणारी स्त्री मराठी चित्रपटात मध्यवर्ती का झाली नाही? भारुडातल्या सासुरवाशिणीला देवीपुढे जे मागता आले, ते बोलपटातल्या नायिकेला का मागता येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी या चित्रपटांच्या संहिता आधी हाताशी असावयास हव्यात. अत्रे, माडगूळकर, सबनीस यांचे चित्रपटलेखन त्यांच्या ग्रंथांच्या बरोबरीने छापले आणि अभ्यासले गेले, तर निदान चर्चा आठवणींवर विसंबून राहणार नाही.